भुईमुगाची आरी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सुचवलेला विषय होता कृत्रिम बुद्धिमत्ता. मी संगणकाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून ते साहजिकच होतं. पण त्या विषयावर तुम्ही रोज मोबाइलवर इतकं ऐकता की माझ्या वीस मिनिटांनी त्यात काही भर पडणार नाही. म्हणून मी संयोजकांची परवानगी घेऊन विषय बदलला. मी बोलणार आहे भुईमुगावर.

हसू नका. या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी शेती होती आणि काहींच्या घरी ती अजून आहे. आपल्यातले काही जण आजही भुईमूग पेरतात. आणि सुगीत पाऊस लांबला की त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन येतो, ग्रुपवर एखादा फोटो येतो. उपटलेल्या वेलाला लटकलेल्या शेंगा, आणि त्या शेंगांतून बाहेर आलेले पांढरे कोंब. काढणीला आलेलं पीक रानातच उगवलेलं. अशा शेंगांना बाजारात भाव नाही, घाण्याला त्या चालत नाहीत आणि बियाणं म्हणून तर प्रश्नच नाही.

आपल्याला शाळेत शिकवलं होतं की बी रुजायला तीन गोष्टी लागतात: पाणी, हवा आणि ऊब. उत्तरपत्रिकेत तिन्ही लिहिल्या की पूर्ण गुण. ते उत्तर बरोबरच आहे. पण त्या फोटोकडे बघून मला वेगळा प्रश्न पडायचा. जमिनीखाली पिकणाऱ्या शेंगेला पाणी, हवा आणि ऊब हे तिन्ही सगळा पावसाळाभर मिळत असतं. मग दरवर्षी सगळंच पीक रानात का उगवत नाही? काही जातींचं उगवतं, काहींचं उगवत नाही, असं का? याचा अर्थ असा की रुजण्यासाठी तीन गोष्टी लागतात हे खरं, पण तिन्ही असताना न रुजणं हीसुद्धा बीची एक क्षमता आहे. ती कुठून येते आणि कधी हरवते, हे समजून घ्यायला मी गेली दोन-तीन वर्षं सवड मिळेल तसं वाचत आले. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

सुरुवात फुलापासून करू, कारण फळ म्हणजे फुलाचाच पुढचा भाग.

भुईमूग पेरल्यावर साधारण महिन्याभरात पिवळी फुलं दिसू लागतात. सूर्य उगवता उगवता फूल उमलतं आणि दुपारपर्यंत कोमेजतं. एवढ्या वेळात त्याचं काम झालेलं असतं. बहुतेक वेळा परागकण फूल नीट उमलण्याआधीच त्याच फुलाच्या कुक्षीवर पडलेले असतात. भुईमूग मधमाशीची वाट बघत बसत नाही.

आता एक गंमत. फुलाखाली जो बारीक, लांब देठ दिसतो तो देठ नाहीच. ती एक पोकळ नळी आहे. फळ ज्यातून होणार तो अंडाशय फुलाजवळ नसतोच, तो नळीच्या पार तळाशी, पानाच्या बगलेत दडलेला असतो. परागकणातून निघालेली परागनलिका त्या नळीतून उतरत खाली अंडाशयापर्यंत जाते. बाईंनी आपल्याकडून जास्वंदीचा उभा छेद काढून घेतला होता, आठवतं? जास्वंदीऐवजी भुईमुगाचं फूल असतं तर आपण अंडाशय शोधतच बसलो असतो.

परागनलिका पोचली की तिच्यातून दोन नरपेशी बाहेर येतात. एक अंडपेशीशी मिळते आणि तिच्यातून भ्रूण तयार होतो, म्हणजे उद्याचं रोप. दुसरी नरपेशी मधल्या पेशीतल्या दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो, म्हणजे भ्रूणाची शिदोरी. फुलझाडांमधलं हे दुहेरी फलन सेर्गेई नावाशिन या शास्त्रज्ञाने १८९८ साली लिलीच्या कुळातल्या फुलांमध्ये पाहिलं. आपण जेवणात जे खातो त्यातलं बरंचसं या दुसऱ्या मीलनातून आलेलं आहे. गव्हाचं आणि ज्वारीचं पीठ म्हणजे मुख्यतः भ्रूणपोष. शहाळ्याचं पाणी म्हणजे पातळ भ्रूणपोष आणि खोबरं म्हणजे घट्ट झालेला भ्रूणपोष. भुईमुगाची तऱ्हा निराळी आहे. त्याचा भ्रूण दाणा भरत असतानाच ही शिदोरी संपवतो आणि सगळा साठा आपल्या स्वतःच्या दोन जाड दलांत भरून ठेवतो. म्हणून भाजलेला दाणा चोळला की त्याचे दोन भाग होतात. गव्हाचे तसे होत नाहीत.

फलन झालं की बहुतेक झाडांत फळ जागच्या जागी वाढू लागतं. अंडाशयाची भिंत फळाचा गर किंवा टरफल होते आणि आतली बीजांडं बिया होतात. भुईमूग मात्र इथे जे करतो ते फार थोड्या वनस्पती करतात. अंडाशयाच्या बुडाशी असलेल्या पेशी वाढू लागतात आणि एक टोकदार दांडी तयार होते. तिच्या टोकाशी अंडाशय. ही दांडी मुळासारखी खाली, जमिनीच्या दिशेनं वाढत जाते. आपण तिला आरी म्हणतो. चपला शिवायच्या आरीसारखंच तिचं टोक असतं. आतल्या कोवळ्या बीजांडांना इजा होऊ नये म्हणून टोकावर कठीण पेशींची टोपीही असते. वरून बघताना ते मूळ वाटतं, पण ते मूळ नाही. आपलं फळ आपणच जमिनीत टोचणारं ते झाड आहे. 'भुईमूग' हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी नीट पाहिलं होतं. लॅटिन नावातला 'हायपोजिया' हा शब्दही 'जमिनीखालचा' असंच सांगतो.

या आरीच्या प्रवासात पहिली थांबायची जागा येते. फलन झाल्यावर भ्रूणाच्या थोड्या पेशी होतात आणि मग त्याची वाढ जवळजवळ थांबते. आरी हवेत आहे, उजेडात आहे, तोवर भ्रूण थांबून राहतो. आरी जमिनीत काही सेंटिमीटर शिरली, अंधार झाला, भोवतीच्या मातीचा स्पर्श झाला, की तिचं टोक आडवं वळतं, भ्रूणाची वाढ पुन्हा सुरू होते आणि शेंग फुगू लागते. आरी उजेडातच ठेवली तर शेंग धरत नाही. वेलाच्या शेंड्याकडे, साधारण वीतभर उंचीवर धरलेल्या आऱ्या बहुधा जमिनीपर्यंत पोचतच नाहीत आणि हवेतच वाळून जातात. झाडाला आलेल्या फुलांपैकी थोडीच फुलं शेंगेपर्यंत जातात, याचं हे एक मोठं कारण.

आपल्याकडची वडीलधारी माणसं आऱ्या सुटल्या की रानात खुरपणी-कोळपणी बंद करायची. 'आता हात लावायचा नाही' असं त्यांचं ठाम म्हणणं असायचं. त्यामागे हेच होतं. एक आरी तुटली की एक शेंग गेली. काही जण या काळात पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, तो फांद्या जमिनीलगत याव्यात आणि आऱ्यांना माती जवळ मिळावी म्हणून.

जमिनीखाली गेलेल्या शेंगेपुढे वेगळीच अडचण असते. झाडाच्या शरीरात कॅल्शियम चालतं ते मुळांकडून पानांकडे जाणाऱ्या पाण्याबरोबर. पानांतून पाण्याची वाफ होते, म्हणून पाणी वर ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर कॅल्शियम. शेंग तर मातीत. तिच्यातून वाफ होत नाही, त्यामुळे वरून तिच्याकडे कॅल्शियम फारसं येत नाही. मग शेंग ते आपल्या टरफलातून थेट भोवतालच्या मातीतून शोषून घेते. मातीत ते कमी पडलं तर वेल हिरवागार, शेंगा भरपूर आणि फोडल्या तर पोचट. म्हणून आऱ्या सुटताना जिप्सम देतात. जिप्सममध्ये कॅल्शियम असतं. ते मुळांसाठी कमी आणि शेंगांसाठी जास्त असतं, म्हणून शेंगा धरतात त्या पट्ट्यातच पडायला हवं. माझ्या एका वर्गमित्राला हे कारण सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वीस वर्षं टाकतोय, आज कळलं कुणासाठी टाकतोय."

आता शेंग फोडू. बाहेरचं टरफल म्हणजे अंडाशयाची भिंत, म्हणजेच फळ. ज्याला आपण दाणे म्हणतो त्या बिया. दाण्यावरची पातळ लाल साल म्हणजे बीजावरण. दाण्याच्या टोकाशी, दोन दलांच्या मध्ये, एक लहानसं नाक असतं. ते बारीक बघितलं तर त्यात मूळ होणारं टोक आणि घडी घालून ठेवलेली इवलीशी पानं दिसतात. रोप असं तयारच असतं. बाकी सगळा दाणा म्हणजे त्याचा डबा: जवळपास निम्मं तेल आणि साधारण पाव भाग प्रथिनं.

या दाण्याला पाणी मिळालं की काय होतं ते आपण घरी मटकीच्या मोडांत दर आठवड्याला बघतो. आधी दाणा नुसतं पाणी पिऊन फुगतो. हे तर मेलेला दाणाही करतो, त्यामुळे फुगणं म्हणजे रुजणं नव्हे. मग जिवंत दाण्यात श्वसन वेगानं सुरू होतं, आणि त्याला प्राणवायू लागतो. म्हणूनच पाण्यात बुडवून ठेवलेली मटकी मोड येण्याऐवजी आंबते आणि फडक्यात बांधून ठेवलेली मोडते. दलांतलं तेल फोडून त्याची साखर केली जाते, कारण वाढत्या कोंबापर्यंत तेल तसंच पोचवता येत नाही. मग दाण्याची साल फाडून मूळ बाहेर येतं. भुईमुगात त्याला दोन-तीन दिवस पुरतात.

इथपर्यंत पाणी, हवा, ऊब. आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, दुसरी थांबायची जागा.

बी झाडावर पक्व होत असताना तिच्यात ॲबसिसिक आम्ल नावाचं एक संप्रेरक साठतं. त्याचा अर्थ थोडक्यात 'थांब'. त्याच्या उलट काम करणारी संप्रेरकंही आहेत. जिबरेलिन त्यातलं एक. भुईमुगात इथिलीन हा वायूही महत्त्वाचा आहे, तोच जो केळी पिकवतो. बी रुजायची की थांबायची हे या दोन्ही बाजूंच्या तोलावर ठरतं. पाणी, हवा, ऊब हे तिन्ही आले तरी 'थांब' जोरात असेल तर बी रुजत नाही. आमच्या कामात सांगायचं तर तीन अटी पूर्ण झाल्या तरी चौथी तपासणी आधी होते. बी मेलेली नसते, कमजोरही नसते. तिला सुप्तावस्था म्हणतात. काही मक्यात हा 'थांब' तयार करणारी किंवा ऐकणारी यंत्रणा बिघडलेली असते. त्या मक्याचे दाणे कणसावर असतानाच उगवतात.

भुईमुगाचे आपल्याकडे ढोबळमानानं दोन घराणी आहेत. एक उपटी, म्हणजे आटोपशीर झुडपासारखी वाढणारी, लवकर तयार होणारी. एसबी-११ किंवा फुले प्रगती ही नावं तुम्ही ऐकली असतील. दुसरी पसरी आणि निमपसरी, जमिनीवर पसरणारी, जास्त दिवस घेणारी. पसऱ्या जातींच्या ताज्या दाण्यात सुप्तावस्था असते. ती काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकते. उपट्या जातींच्या दाण्यात ती जवळजवळ नसते. दाणा पक्व झाला की रुजायला मोकळा. पावसानं उघडीप दिली, वेळेवर काढणी झाली, तर काहीच बिघडत नाही. पण काढणीच्या तोंडावर परतीचा पाऊस आठवडाभर बसला, किंवा उन्हाळी भुईमुगाला वळवानं गाठलं, की ग्रुपवर तो फोटो येतो.

मग आपण ही थांबायची क्षमता नसलेल्या जाती का लावतो? याचं उत्तर हजारो वर्षं मागं जातं. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या दोन रानटी जातींच्या संकरातून तो आला. रानटी भुईमुगाच्या शेंगेत दोन दाण्यांच्या मध्ये दोऱ्यासारखा लांब भाग असतो. एक दाणा इथे, दुसरा पुढे मातीत. रानटी झाडाला आपली पोरं एका जागी, एका दिवशी उगवायला नको असतात. एखादा अवकाळी पाऊस येऊन नंतर महिनाभर कोरड पडली तर सगळीच जळून जातील. म्हणून काही बिया लवकर रुजतात, काही थांबतात, काही पुढच्या वर्षावर टाकतात. माणसाला याच्या उलट हवं होतं. एका दिवशी पेरलं की सगळं एकदम उगवलं पाहिजे. जी बी थांबली ती उशिरा उगवली आणि कापणीत मागं राहिली, पुढच्या बियाण्यात आलीच नाही. पिढ्यानपिढ्या असं झालं आणि बहुतेक पिकांमधली सुप्तावस्था कमी होत गेली. सगळ्यांनी एकसारखं, एका वेळी उगवावं यासाठी आपण मोजलेली ती किंमत आहे. पसऱ्या जातींत ती थोडी उरली आहे एवढंच.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायलाच हवी. सुप्तावस्था असलेलं बियाणं काढणीनंतर लगेच पेरता येत नाही. खरिपातली शेंग लगोलग दुसऱ्या हंगामाला लावायची असेल तर ते उगवणारच नाही. त्यासाठी इथिलीन सोडणाऱ्या औषधाची प्रक्रिया करावी लागते. शिवाय पसऱ्या जाती रानात जास्त दिवस राहतात. म्हणून पैदासकार मधली वाट शोधत आहेत: लवकर तयार होणारी उपटी जात, पण दाण्यात दोन-तीन आठवड्यांची झोप. काढणीचा पाऊस टळेल एवढी, आणि पुढची पेरणी अडणार नाही एवढीच. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या इक्रिसॅटमध्ये या दिशेनं बराच काळ काम झालं आहे. आपल्यातले जे लोक बियाणं निवडतात त्यांनी जात विचारताना उत्पन्न आणि दिवस विचारावेतच, पण 'ताज्या दाण्याला किती दिवसांची सुप्तावस्था आहे?' हाही प्रश्न विचारावा. कृषी विद्यापीठाच्या माणसांना त्याचं उत्तर देता येतं.

आणि उपटीच लावली असेल तर काढणी लांबवू नये. दोन-चार वेल उपटून शेंगा फोडून बघाव्यात. टरफलाची आतली बाजू तपकिरी-काळपट झाली म्हणजे दाणा पक्व झाला. पांढरी असेल तर अजून कोवळा आहे.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट लक्षात आली. कुठल्याच झाडानं 'थांबणं चांगलं' किंवा 'धावणं चांगलं' असं एकच उत्तर धरलेलं नाही. आपल्या कोकणच्या खाडीत कांदळाची झाडं आहेत. त्यांची बी झाडावर असतानाच रुजते आणि हात-हातभर लांब हिरवी शेंगेसारखी रोपं फांद्यांना लटकतात. खाली चिखल, खारं पाणी आणि भरती-ओहोटी. तिथे थांबून राहिलेली बी वाहून जाईल, म्हणून तयार रोपच खाली पडतं. आंब्याची कोयही फार थांबू शकत नाही. ती पूर्ण वाळली की मरते, म्हणून कोय ताजी असतानाच लावायची असते. तिचा पावसाळा अगदी दारात असतो, तिला थांबायची गरजच नाही.

आणि दुसऱ्या टोकाला किती थांबता येतं? इस्रायलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या होत्या, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या. त्यातली एक २००५ साली रुजली आणि तिचं झाड झालं.

पण मला त्याहून जास्त आवडलेला प्रयोग अमेरिकेतल्या मिशिगनचा आहे. १८७९ साली विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी एक साधा, शेतकऱ्याचाच प्रश्न घेतला: मातीत पडलेली तणाची बी किती वर्षं जिवंत राहते? त्यांनी २१ जातींच्या प्रत्येकी ५० बिया ओल्या वाळूत मिसळून एका बाटलीत भरल्या. अशा २० बाटल्या, पाणी साठू नये म्हणून तोंड खाली करून, कॉलेजच्या आवारात पुरल्या. दर पाच वर्षांनी एक काढायची असं ठरलं होतं. बील निवृत्त झाले, पण जागेचा नकाशा त्यांनी आपल्या सहकाऱ्याकडे दिला. त्यानं पुढच्याकडे, पुढच्यानं त्याच्या पुढच्याकडे. प्रयोग जास्त काळ चालावा म्हणून पाचाची दहा आणि दहाची वीस वर्षं केली गेली. मातीखालच्या बियांना अवेळी उजेड मिळू नये म्हणून ते लोक बाटली रात्रीच्या अंधारात काढतात. २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या. अजून चार बाटल्या मातीत आहेत. शेवटची २१०० साली निघेल. ज्यांनी हा प्रयोग सुरू केला त्यांना उत्तर मिळालं नाही, आणि आज जे करताहेत त्यांनाही शेवटची बाटली दिसणार नाही. तरी नकाशा हातातून हातात जातो आहे.

म्हणून मी आज एक ठोस प्रस्ताव घेऊन आले आहे. माजी विद्यार्थी निधीतून काय करावं यावर सकाळपासून चर्चा चालली आहे. प्रोजेक्टर घ्यावा, कमान बांधावी, असं सगळं आलं. मी सुचवते ते फार खर्चाचं नाही. शाळेत दरवर्षी एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, मुलांनी घरचं राखलेलं बियाणं आणावं. भुईमूग असेल तर शेंगाच आणाव्यात, कारण दाणा टरफलातच चांगला टिकतो, आणि हातानं फोडाव्यात, कारण लाल साल दुखावली की मातीतली बुरशी आत शिरते. त्यातले न निवडता १०० दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि ओल टिकवावी. दहा दिवसांनी किती दाण्यांना निरोगी मूळ आणि कोंब आले ते मोजावं. ७० किंवा त्याहून जास्त आले तर बियाणं पेरण्याजोगं. प्रमाणित भुईमूग बियाण्याला निदान एवढी उगवण असावी लागते. कमी आले तर बियाणं जास्त टाकायचं की दुसरं आणायचं, हे घरच्यांना पावसाआधी महिनाभर कळेल. दुबार पेरणीत काय जातं हे इथल्या कुणाला सांगायला नको.

आणि न उगवलेला दाणा टाकून देण्याआधी मुलांनी तो दाबून बघावा. मऊ आणि बुरशीचा असेल तर तो मेलेला. टणक असेल, नुसता फुगलेला असेल, तर कदाचित तो झोपलेला आहे. हा फरक पुस्तकात दोन ओळींत येतो, पण हातानं कळतो तो वेगळाच. आपल्या बाईंनी आपल्याला कुंडीत हरभरा पेरायला लावून जे शिकवलं, त्याचाच हा पुढचा धडा आहे.

पहिल्या वर्षीच्या गोणपाटाचा, वहीचा आणि फळ्याचा खर्च आमची बॅच देईल. आकडे मुलांनी एका वहीत लिहावेत: कुणाचं रान, कुठली जात, किती उगवले. ती वही दरवर्षी नववीच्या मुलांनी पुढच्या नववीकडे द्यावी. संगणकात ठेवायची असेल तर ते मी करून देईन, पण वहीही असू द्या. दहा वर्षांनी या गावचं बियाणं कसं होतं याची नोंद दुसऱ्या कुणाकडे नसेल, आपल्या शाळेकडे असेल.

माझी शिक्षकांना आणि संयोजकांना विनंती आहे की आजच्या बैठकीत यावर निर्णय व्हावा. येत्या एप्रिलपासून सुरू करायचं असेल तर वही आत्ताच घ्यायला हवी.